पोस्टग्रेसचा प्लॅन दिवसाआड का बदलतो? खर्चाच्या आकड्यांचा हिशेब समजून घ्यायचा आहे

रात्रपाळी:

नमस्कार. खते-बियाण्यांच्या विक्रीची नोंद ठेवणाऱ्या एका प्रणालीच्या डेटाबेसची देखभाल माझ्याकडे आहे. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. ‘पावत्या’ या टेबलात सुमारे ४० लाख नोंदी असून डिस्कवर त्याची ५०,००० पाने भरतात. ‘शेतकरी’ या टेबलात १० लाख नोंदी आणि १२,००० पाने आहेत. प्रत्येक पावतीवर तालुका आणि जिल्हा असे दोन्ही रकाने भरलेले असतात, मात्र इंडेक्स फक्त तालुक्यावर आहे.

रोज पहाटे एक अहवाल निघतो. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्याच्या पावत्या घेऊन त्यांना शेतकऱ्यांची नावे जोडली जातात. हा अहवाल काही दिवशी सहा-सात सेकंदांत निघतो आणि काही दिवशी त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. क्वेरी तीच, इंडेक्स तेच, आणि रोज भर पडते ती काही हजार नोंदींचीच. एक्स्प्लेन (क्वेरीसाठी निवडलेला प्लॅन, म्हणजे कामाचा मार्ग, दाखवणारी आज्ञा) पाहिले असता असे दिसते की संथ दिवशी नेस्टेड लूप (एका टेबलातील प्रत्येक नोंदीसाठी दुसऱ्या टेबलात वेगळा शोध) निवडलेला असतो आणि इतर दिवशी हॅश जॉइन (टेबल एकदाच वाचून नोंदी जुळवणे). मला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. संथ प्लॅनचा एकूण खर्च ७५ हजारांच्या आसपास दाखवला जातो आणि जलद प्लॅनचा ७६ हजारांच्या वर, म्हणजे जो प्लॅन वीसपट वेळ घेतो तोच कागदावर स्वस्त ठरतो. हा खर्च नेमका कशात मोजलेला असतो? आकडे हाताने ताडून पाहता यावेत म्हणून एका क्वेरीचे काम वाटून घेणारे समांतर वर्कर मी बंदच ठेवले आहेत.

हिशेबनीस:

प्रश्न नेमका मांडला आहे आणि आकडेही दिले आहेत, त्यामुळे हिशेब करूनच उत्तर देतो. या खर्चाला सेकंद किंवा मिलिसेकंद असे कोणतेही माप नाही. डिस्कवरचे ८ केबीचे एक पान ओळीने वाचण्याचा खर्च १ धरायचा आणि बाकी सर्व कामे त्याच्या पटीत मोजायची, एवढीच कल्पना आहे. मूळ सेटिंगमध्ये उडी मारून वाचलेल्या पानाला ४, एक नोंद हाताळायला ०.०१, इंडेक्समधील एका नोंदीला ०.००५ आणि एक तुलना करायला ०.००२५ असे दर ठरलेले आहेत. ऑप्टिमायझर, म्हणजे प्लॅन निवडणारा डेटाबेसचा भाग, या दरपत्रकावरून प्रत्येक पर्यायाचे अंदाजपत्रक काढतो आणि त्यांतले सर्वांत कमी रकमेचे उचलतो. दोन अंदाजपत्रके एकमेकांशी ताडून पाहण्यापुरताच त्या रकमेला अर्थ आहे.

आता तुमचेच टेबल घेऊ आणि तूर्त फक्त तालुक्याची अट ठेवू. करवीरच्या पावत्या एकूण पावत्यांच्या साधारण १ टक्का, म्हणजे ४०,००० आहेत असे समजू. संपूर्ण टेबल ओळीने वाचायचे झाले तर ५०,००० पानांचे ५०,०००, चाळीस लाख नोंदी हाताळण्याचे ४०,००० आणि प्रत्येक नोंदीवर अट तपासण्याचे १०,००० असे बरोबर एक लाख होतात. हा आकडा तुम्ही स्वतः एक्स्प्लेनमध्ये पाहू शकता.

इंडेक्समधून गेलो तर नोंदी ४०,०००च हाताळाव्या लागतात, पण त्या टेबलभर विखुरलेल्या असतात. त्या किती वेगवेगळ्या पानांवर सापडतील याचा अंदाज मॅकर्ट आणि लोहमन यांच्या १९८९ च्या सूत्राने काढला जातो. सोप्या रूपात, पाने आणि नोंदी यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्यायची आणि तिला ‘पानांची दुप्पट अधिक नोंदी’ या बेरजेने भागायचे. इथे उत्तर येते सुमारे २८,५७१ पाने. प्रत्येक पान उडी मारून वाचायचे म्हणून ते चारने गुणले की १,१४,००० च्या पुढे जाते. म्हणजे शंभरातली एकच नोंद हवी असतानाही इंडेक्सचा मार्ग पूर्ण टेबल वाचण्याहून महाग पडला. ‘इंडेक्स असूनही वापरला जात नाही’ ही नेहमीची तक्रार बहुतेक वेळा या एका गुणाकारात अडकलेली असते.

शेवगा:

एक दुरुस्ती सुचवते. करवीरच्या पावत्या टेबलात एकाच पट्ट्यात साठलेल्या असतील, उदाहरणार्थ जुना डेटा तालुक्यानुसार क्रम लावून भरला असेल, तर तेच काम साधारण ५०० पानांत होते आणि इंडेक्सचा खर्च दोन हजारांच्या आतबाहेर राहतो. पोस्टग्रेस प्रत्येक रकान्यासाठी ‘कोरिलेशन’ नावाचा एक आकडा (रकान्यातील मूल्यांचा क्रम टेबलातील नोंदींच्या क्रमाशी किती जुळतो तो) ठेवते, त्याचा वर्ग करते आणि ही चांगली व ती वाईट अशा दोन टोकांमध्ये कुठेतरी थांबते. शिवाय तुम्ही तिसरा पर्याय मोजलाच नाही. बिटमॅप स्कॅन आधी इंडेक्समधून पानांची यादी करतो आणि मग ती पाने टेबलातील क्रमाने वाचतो.

हिशेबनीस:

मान्य. मी तो मुद्दाम पुढच्या प्रतिसादासाठी राखला होता असे म्हणणार होतो, पण खरे तर विसरलोच होतो. बिटमॅपमध्ये पानांची संख्या तीच, २८,५७१, राहते. मात्र टेबलाचा जितका मोठा हिस्सा वाचायचा तितका दर पान-पानाला ४ वरून १ कडे सरकतो आणि हे सरकणे वर्गमूळाच्या प्रमाणात होते. २८,५७१ हा ५०,००० चा ०.५७ हिस्सा, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.७५६, म्हणून दर ४ वजा ३ गुणिले ०.७५६ म्हणजे १.७३. गुणाकार केला की साडेएकोणपन्नास हजार होतात आणि किरकोळ खर्च धरून रक्कम पन्नास हजार पाचशे ते सातशेच्या घरात जाते. एक लाख, एक लाख पंधरा हजार आणि पन्नास हजार या तिघांत बिटमॅप निर्विवाद जिंकतो. रात्रपाळी, तुमच्या दोन्ही प्लॅनमध्ये ‘पावत्या’वर बिटमॅप स्कॅनच असणार, आणि ७५-७६ हजारांपैकी पन्नास हजार तिथेच खर्ची पडत असणार. भांडण आहे ते उरलेल्या पंचवीस हजारांचे.

गावठाण:

इतका हिशेब कशाला? रँडम पेज कॉस्ट, म्हणजे उडी मारून वाचलेल्या पानाचा दर, ४ वरून १.१ करा. आता सगळीकडे एसएसडी आहेत, ४ हा फिरत्या डिस्कच्या जमान्यातला आकडा आहे. आमच्याकडे हे केल्यापासून अर्ध्याअधिक क्वेरी सुधारल्या.

रात्रपाळी:

दोघांचेही आभार. होय, दोन्ही प्लॅनमध्ये बिटमॅप स्कॅनच आहे. गावठाण, तुमची सूचना मी एका सेशनपुरती करून पाहिली. त्यानंतर हॅश जॉइन कधी दिसलाच नाही. कायमचा नेस्टेड लूप आणि कायमची दोन मिनिटे. आमच्या ग्राहकाचा सर्व्हर जुना आहे, त्यात फिरती डिस्कच आहे, आणि पहाटे अहवाल निघतो त्याआधी बॅकअप होत असल्याने मेमरीत यातले काहीच उरलेले नसते.

हिशेबनीस:

म्हणजे आगीतून फुफाट्यात. गावठाण यांचा सल्ला एसएसडीवर योग्यच आहे, पण तो दरपत्रकातील दुरुस्ती आहे आणि इथे दुखणे दरात नाही. मूळ ४ हा आकडाही दिसतो तितका भाबडा नाही. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातच त्याची फोड दिली आहे: फिरत्या डिस्कवर उडी मारून वाचणे ओळीने वाचण्याच्या ४० पट महाग असते, पण अशा वाचनांपैकी ९० टक्के मेमरीतूनच भागतील असे गृहीत धरून तो ४ वर आणला आहे. तुमच्याकडे पहाटे मेमरी रिकामी असते, म्हणजे खरा दर ४ हून बराच वर असणार. तो १.१ केलात तर उलट्या दिशेला गेलात.

आता त्या पंचवीस हजारांकडे वळू. ‘पावत्या’मधून किती नोंदी पुढे येतील याचा ऑप्टिमायझरचा अंदाज काय आहे, हे पाहायला हवे. तालुका करवीर १ टक्का, जिल्हा कोल्हापूर समजा १० टक्के. दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे तो मानतो आणि गुणाकार करतो, म्हणून उत्तर ०.१ टक्का, म्हणजे ४,००० नोंदी येते. तुम्हाआम्हाला माहीत आहे की करवीर कोल्हापुरातच आहे आणि जिल्ह्याच्या अटीने एकही नोंद गळणार नाही. खरा आकडा ४०,०००च आहे. अंदाज दहा पटींनी कमी आला.

या ४,००० नोंदींसाठी नेस्टेड लूपमध्ये ‘शेतकरी’ टेबलाच्या इंडेक्सला ४,००० वेळा हात घालायचा. एका फेरीचा खर्च, वारंवार लागणारी पाने मेमरीत सापडतील ही सवलत धरून, सुमारे ६.२ येतो, म्हणजे एकूण २४,७००. हॅश जॉइनमध्ये ‘शेतकरी’ टेबल एकदाच ओळीने वाचायचे: पानांचे १२,०००, नोंदींचे १०,००० आणि हॅश काढून जुळवण्याचे साधारण ३,७००, म्हणजे २५,७०० च्या आसपास. फरक कसाबसा चार टक्के, आणि तो नेस्टेड लूपच्या बाजूने. हेच गणित खऱ्या ४०,००० नोंदी घालून करा. हॅश जॉइन २६,६०० च्या पुढे जात नाही, कारण ‘शेतकरी’ टेबल किती वाचायचे हे पावत्यांवर अवलंबूनच नाही. नेस्टेड लूप मात्र पाऊण लाखाच्या वर जातो. तिप्पट खर्चाचा प्लॅन चार टक्क्यांनी स्वस्त म्हणून निवडला गेला, आणि हा तिप्पटही मेमरीची सवलत धरून आहे. थंड फिरत्या डिस्कवर ती सवलत मिळत नाही, म्हणून तुम्हाला वीसपट दिसते.

शेवगा:

आणि दिवसाआड का बदलते, याचे उत्तरही या चार टक्क्यांतच आहे. अ‍ॅनालाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) संपूर्ण टेबल पाहत नाही. मूळ सेटिंगमध्ये ते ३०,००० नोंदींचा नमुना उचलते. शितावरून भाताची परीक्षा. त्या नमुन्यात करवीरच्या नोंदी सरासरीने ३०० येतात, पण नमुना यदृच्छेने घेतलेला असल्यामुळे कधी २८३ तर कधी ३१७ येणे अगदी सहज आहे. सुमारे सहा टक्क्यांचे हे हेलकावे कोणत्याही दोषाशिवाय होतात. ४,००० चा अंदाज ४,२०० च्या वर गेला की पारडे हॅश जॉइनकडे झुकते, आणि त्याला पाचच टक्के पुरतात. ज्या रात्री अ‍ॅनालाइझ केले त्या रात्रीच्या नमुन्यावर तुमची पहाट ठरते.

यात एक बारकावा आहे. दोन पर्यायांच्या खर्चात एक टक्क्याहून कमी फरक असेल तर पोस्टग्रेस त्यांना सारखेच मानते आणि मग पहिली नोंद लवकर कोण देईल, निकाल क्रमाने लागलेला येईल का, अशा इतर गोष्टींवर निवड करते. हॅश जॉइनला आधी हॅश टेबल बांधावे लागते, त्यामुळे अशा बरोबरीत बहुधा नेस्टेड लूपचे पारडे जड होते.

जुना_टर्मिनल:

चर्चा वाचून राहवले नाही. स्वतंत्रतेचे हे गृहीतक पोस्टग्रेसचे नाही, ते या विद्येच्या जन्मापासूनचे आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा डेटाबेस बांधला गेला आणि त्याच्या ऑप्टिमायझरवरचा लेख पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. वाचलेली पाने अधिक एका वजनाने गुणलेल्या नोंदी, असेच खर्चाचे सूत्र त्यात आहे. लहान जोडण्यांचे स्वस्त मार्ग आधी काढून त्यांवर मोठ्या जोडण्या रचण्याची पद्धतही तिथलीच. ती रीत नसती तर दहा टेबले ओळीने जोडण्याचे ३६,२८,८०० क्रम एकेक करून तपासावे लागले असते. आकडेवारी उपलब्ध नसेल तर ‘बरोबर’ या अटीला एक दशांश नोंदी जुळतील असे त्यांनी ठरवून टाकले होते. अंदाजपंचे दाहोदरसे, पण उघडपणे सांगितलेले.

स्वतंत्रतेच्या गुणाकाराला सर्वांनीच मान तुकवलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसने २०१४ च्या आवृत्तीपासून वेगळा मार्ग धरला. सर्वांत कडक अट पूर्ण घ्यायची, दुसरीचे वर्गमूळ, तिसरीचे चतुर्थमूळ, असे करत जायचे. तुमच्या उदाहरणात ०.०१ गुणिले ०.१ चे वर्गमूळ केले तर सुमारे १२,६०० नोंदी येतात. हेही खरे नाहीच, पण ४,००० पेक्षा सत्याच्या जवळ आहे, आणि इतका अंदाज तुमच्या बाबतीत हॅश जॉइन निवडायला पुरेसा ठरला असता. मला हा उपाय हुशार वाटतो तसाच थोडा लबाडही वाटतो, कारण दोन रकाने खरोखरच स्वतंत्र असतील तिथे तो अंदाज विनाकारण फुगवतो.

म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये चित्रपटांच्या माहितीच्या खऱ्या डेटावर ११३ क्वेरी चालवून हाच प्रश्न तपासला होता. नोंदींच्या अंदाजातील चुका जोडण्यांच्या संख्येबरोबर झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यापुढे खर्चाच्या सूत्रातील उणिवा किरकोळ ठरतात, असे त्यांना आढळले. म्हणून दर बदलण्याआधी अंदाज तपासावा, हे हिशेबनीस यांचे म्हणणे मला पटते.

गावठाण:

माझा सल्ला या ठिकाणी चुकला हे मान्य करतो. मग सेटिंगमधून नेस्टेड लूपच बंद करून टाकला तर? अहवालापुरताच.

हिशेबनीस:

निदानासाठी जरूर करा, कायमचा इलाज म्हणून नको. ते सेटिंग नेस्टेड लूपला मनाई करत नाही. वर्षानुवर्षे ते त्या प्लॅनच्या खर्चात एकावर दहा शून्ये एवढी रक्कम मिळवत आले, म्हणजे दुसरा मार्गच नसेल तेव्हाच तो निवडला जावा. या भल्यामोठ्या रकमेपुढे इतर पर्यायांतील बारीक फरक बुजून जात, म्हणून १८ व्या आवृत्तीत ‘बंद केलेले टप्पे’ वेगळे मोजले जाऊ लागले. पण एका क्वेरीसाठी बंद केलेला नेस्टेड लूप त्याच क्वेरीतील दुसऱ्या, योग्य जोडणीलाही लागू होतो, हा त्याचा मोठा तोटा आहे.

पायवाट:

मध्येच विचारते, विषय जवळचा आहे म्हणून. आमच्याकडे ‘या तालुक्याच्या शेवटच्या २० पावत्या’ अशी क्वेरी आहे. तारखेवर इंडेक्स आहे. बहुतेक तालुक्यांसाठी उत्तर क्षणात येते, पण एका तालुक्यासाठी मिनिट लागते. तेही असेच काही आहे का?

शेवगा:

भावंड आहे. प्रत्येक प्लॅनला दोन खर्च असतात: पहिली नोंद मिळेपर्यंतचा आणि शेवटची मिळेपर्यंतचा. तुम्ही वीसच मागितल्या की ऑप्टिमायझर या दोहोंमधील अंतराचा तेवढाच तुकडा मोजतो. तालुक्याच्या पावत्या १ टक्का असतील तर तारखेच्या इंडेक्सवरून उलटे येताना सुमारे २,००० नोंदी चाळल्या की वीस सापडतील, असे तो मानतो, आणि पावत्या काळात सगळीकडे सारख्या पसरल्या असतील तर ते खरेही आहे. त्या एका तालुक्यातील विक्री दोन वर्षांपूर्वी थांबली असेल तर पहिली जुळणारी नोंद सापडायच्या आधी लाखो नोंदी चाळाव्या लागतात. तालुका आणि तारीख यांवर मिळून एक इंडेक्स केला तर अंदाज चुकला तरी फटका बसत नाही.

हिशेबनीस:

रात्रपाळी, तुमच्यासाठी आता नेमका उपाय. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा आहे. तालुका आणि जिल्हा या रकान्यांच्या जोडीवर ‘डिपेंडन्सीज’ प्रकारची आकडेवारी तयार करा आणि मग अ‍ॅनालाइझ चालवा. दुसरी पायरी अनेकजण विसरतात आणि उपाय लागू पडला नाही म्हणून परत येतात. तालुका कळला की जिल्हा ठरतोच, हे त्यातून ऑप्टिमायझरला कळेल.

जुना_टर्मिनल:

ठरतोच, असे नाही. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही. मालेगाव नाशिक आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत आहे. रकान्यात तालुक्याचा संकेतांक नसून नाव असेल तर हे नाते पूर्णांशाने खरे नाही.

शेवगा:

सुंदर हरकत आहे. पण ही आकडेवारी हो किंवा नाही अशी नसते, ते नाते किती नोंदींच्या बाबतीत पाळले जाते याचा शून्य ते एक यांमधला आकडा ती ठेवते. तिची खरी उणीव वेगळी आहे. कोणी ‘तालुका करवीर आणि जिल्हा नाशिक’ असे विचारले तरी ती ४०,००० च्या आसपासच अंदाज देईल, कारण विचारलेली मूल्ये एकमेकांशी सुसंगत आहेत असे ती धरून चालते. त्यासाठी १२ व्या आवृत्तीपासून दोन्ही रकान्यांच्या नेहमी आढळणाऱ्या जोड्यांची यादी ठेवता येते. तिला करवीर-नाशिक ही जोडी कधी दिसणारच नाही.

रात्रपाळी:

उशिरा लिहीत आहे, कारण आठवडाभर थांबून पाहायचे होते. डिपेंडन्सीज प्रकारची आकडेवारी केली आणि अ‍ॅनालाइझ चालवले. आमच्याकडे रकान्यात तालुक्याचे नावच आहे, त्यामुळे तालुक्यावरून जिल्हा ठरण्याचा आकडा १ न येता ०.९६ आला; खेड, कर्जत आणि मालेगाव यांचा तो हिस्सा असावा. करवीरसाठीचा अंदाज ४,००० वरून साडेअडतीस हजारांवर गेला. हिशेबनीस यांच्या रीतीने हाताने करून पाहिले: ०.९६ गुणिले १ टक्का, अधिक ०.०४ गुणिले ०.१ टक्का, म्हणजे ४० लाखांचे ३८,५६०. जुळले.

तेव्हापासून सात रात्री हॅश जॉइनच निवडला गेला आहे आणि सात सेकंदांच्या वर एकदाही वेळ लागलेला नाही. रँडम पेज कॉस्ट ४ वरच ठेवली आहे. गंमत अशी की एक्स्प्लेनमध्ये एकूण खर्चाचा आकडा आता आधीच्या दोन्ही प्लॅनपेक्षा मोठा दिसतो, आणि आमच्या साहेबांनी तो पाहून ‘मग सुधारले काय?’ असे विचारले. त्यांच्यासाठी या धाग्यातले पहिले दोन हिशेब छापून ठेवले आहेत. जोड्यांची यादी अजून केलेली नाही, ती येत्या शनिवारी करणार आहे.